भरडधान्य, मिलो, श्रीअन्न : ज्वारीच्या नावांतून दिसणारा अन्नव्यवस्थेचा इतिहास

१

जगातील अन्नव्यवस्था बदलली पाहिजे, हा विचार गेल्या काही वर्षांत विद्वत्सभांच्या आणि शासनसंस्थांच्या चर्चेत अग्रभागी आला आहे. जानेवारी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सोळा देशांतील सदतीस शास्त्रज्ञांनी मनुष्याचे आरोग्य आणि पृथ्वीचे स्वास्थ्य ह्या दोहोंस मानवेल असा आहार कोणता, ह्याचा त्यात विचार केला. अखंड धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे ह्यांचे प्रमाण वाढवावे. साखर आणि मांस ह्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आणावे, असा त्यांच्या शिफारशींचा सारांश आहे. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ह्याच विषयावर परिषद भरविली आणि २०२३ हे वर्ष ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादी तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले.

ह्या चर्चेत ‘परिवर्तन’ हा शब्द भविष्यकाळाचा म्हणून वापरला जातो. अन्नव्यवस्था पूर्वी स्थिर होती आणि आता ती प्रथमच हलवावयाची आहे, असा समज त्यामागे नकळत असतो. महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशापुरते पाहिले तरी हा समज टिकत नाही. एका माणसाच्या हयातीत येथील मुख्य धान्य बदलले आहे. तो बदल कसा झाला, कोणत्या कारणांनी झाला आणि त्यात कोणाचा काय लाभ वा तोटा झाला हे समजून घेतल्यावाचून पुढील परिवर्तनाची भाषा बोलणे अपुरे ठरेल. प्रस्तुत निबंधात हा इतिहास ज्वारी ह्या एका धान्याच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे शब्द हे येथील प्रमुख साधन आहे. शब्द एकटे पुरावा होत नाहीत, हे मान्यच आहे. परंतु उत्खनन, कायदे आणि आकडे ह्यांच्या शेजारी त्यांना बसविले असता ते पुष्कळ काही सांगून जातात.

२

प्रथम ‘ज्वारी’ ह्या नावाविषयी. ह्या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार संस्कृत ‘यव’ शब्दाशी जोडतात. ‘यव’ म्हणजे जव किंवा सातू. ‘यवाकार’, म्हणजे जवासारखे दिसणारे, आणि ‘यवनाल’ ही रूपे ह्या संदर्भात पुढे केली जातात. तात्पर्य असे की, हे धान्य आले तेव्हा त्यास स्वतंत्र नाव मिळाले नाही. आधीच्या ओळखीच्या धान्याचे नाव थोडे वाकवून त्यास दिले गेले.

ह्या अनुमानास पुरातत्त्वाचा आधार मिळतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे विस्तृत उत्खनन केले, त्यात इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० ह्या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. त्यांचे मुख्य धान्य जव होते. आज ज्या भूमीस आपण ज्वारीचे माहेर समजतो, तेथील आद्य शेतकरी जव खात होते. ज्वारीचे खरे माहेर आफ्रिका होय. पूर्व सुदानातील मातीच्या खापरांत उमटलेल्या तुसांच्या ठशांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यावरून इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकातच तेथे ज्वारीची लागवड होऊ लागली होती असे दिसते. बाजरी पश्चिम आफ्रिकेतून व नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून आली. अरबी समुद्र ओलांडून आलेली ही तीनही धान्ये दख्खनच्या मातीत रुजली आणि कालांतराने देशी ठरली.

ह्यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. जे अन्न आपण परंपरागत म्हणतो, तेही एका काळी नवेच होते. म्हणून ‘आपल्या पूर्वजांचे अन्न’ एवढ्याच आधारावर एखाद्या धान्याचा कैवार घेणे इतिहासाच्या दृष्टीने दुर्बळ आहे. ज्वारी येथे टिकली ती ह्या प्रदेशाच्या पावसाशी व जमिनीशी तिचे जमले म्हणून. रब्बीची ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली जाते आणि काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर माघ-फाल्गुनापर्यंत उभी राहते. तिला कालव्याचे पाणी लागत नाही. हा तिचा गुण कोणत्याही अभिमानापेक्षा भक्कम आहे.

३

एखाद्या वस्तूचा समाजाच्या जीवनात किती खोल शिरकाव झाला आहे हे तिच्याभोवतीच्या शब्दसंपत्तीवरून मापता येते. ज्वारीच्या बाबतीत ही संपत्ती विलक्षण आहे. धान्यास ज्वारी आणि जोंधळा ही दोन नावे. रब्बीच्या पिकास शाळू. जातींना दगडी, मालदांडी, निळवा, गूळभेंडी. कोवळा दाणा भाजला की हुरडा, फुलविला की लाह्या, भरडला की कण्या, आंबविला की आंबील. उभे पीक ताट, वाळलेले पीक कडबा, कापणीनंतर जमिनीत उरते ते धसकट. पिठास चिकटपणा उरला नाही तर त्यास ‘विरी गेली’ म्हणतात; नीट भाजलेल्या भाकरीस पापुद्रा सुटतो. ‘भाकरी’ हा शब्दच उपजीविकेचा पर्याय झाला; ‘भाकरीसाठी गाव सोडले’ ह्या वाक्यात भाकरी म्हणजे मिळकत.

ह्या शब्दांत ‘कडबा’ हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्वारी हे माणसाचे अन्न, तसेच बैलांची वैरण. शेतकरी दाण्याचा आणि ताटाचा हिशेब एकदमच करी. बैलापासून मशागत, शेणापासून खत आणि गाईपासून दूध ही साखळी कडब्याने जोडलेली होती. शिवाय ज्वारी शेतात एकटी नसे. खरिपात तिच्यासोबत तूर, मूग, उडीद, रब्बीत करडई. शेतातील हा सहवास ताटातही येई : भाकरी, डाळ वा पिठले, पालेभाजी, जवसाची किंवा कारळ्याची चटणी. आज ज्यास अन्नव्यवस्था म्हणतात ती ह्या प्रदेशात अशा रीतीने शेत, गोठा आणि चूल ह्यांच्या परस्परसंबंधांतून उभी राहिली होती.

परंतु हे चित्र रंगविताना एक सावधगिरी अवश्य पाळली पाहिजे. भाकरी, डाळ आणि पालेभाजी असे ताट सर्वांच्या वाट्यास कधीच नव्हते. पुष्कळांना कोरडी भाकर आणि मिरची-मीठ एवढ्यावर दिवस काढावा लागे, आणि त्याचे परिणाम शरीरावर दिसत. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा ह्या रोगाचे प्रमाण लक्षणीय होते. हैदराबाद येथील पोषणसंशोधक सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया ह्यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्येच ह्या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन ह्या घटकाच्या अधिक्याशी जोडून दाखविला. म्हणजे आरोग्य देणारी वस्तू ज्वारी एकटी नव्हती. तिचा ताटातील सहवास होता. तो सहवास तुटला की तीच ज्वारी अपुरी पडे. आजच्या प्रचारात ह्या गोष्टीचा सहसा उल्लेख नसतो, म्हणून तो येथे मुद्दाम केला आहे.

४

आता ज्वारीच्या उताराकडे वळू. हा उतार ताटात दिसण्यापूर्वी भाषेत दिसतो.

अन्नात उच्चनीचता फार प्राचीन आहे. संस्कृतात हलक्या अन्नास ‘कदन्न’ म्हणत, आणि पुढे हाच शब्द तृणधान्यांच्या एका वर्गास चिकटला. मराठी घरांत गहू हे सणाचे धान्य होते. पुरणपोळी सणाला आणि भाकरी रोजची, अशी विभागणी होती. त्यात भाकरीचा अपमान नव्हता. ती केवळ रोजची होती. ‘भरड’ ह्या शब्दाची गोष्ट निराळी आहे. भरडणे म्हणजे जाड दळणे. ‘भरडा’ म्हणजे जाड पीठ. हा शब्द एका क्रियेचा आणि तिच्या फळाचा वाचक होता. प्रशासनाच्या इंग्रजी परिभाषेत तांदूळ व गहू वगळून उरलेल्या धान्यांस जे सामूहिक नाव होते, त्याचा मराठी अनुवाद ‘भरडधान्य’ असा झाला आणि दळण्याची तऱ्हा दर्शविणारा शब्द धान्याची पायरी दर्शवू लागला. मूळची भाषा बोलणाऱ्या शेतकऱ्याने शाळूस ‘भरडधान्य’ कधी म्हटले नाही. हे नाव कचेरीतून आले. पण कचेरीतील नावे कालांतराने घरात शिरतात.

महायुद्धाच्या काळात, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात धान्यवाटपाची शिधापद्धती सुरू झाली. ‘रेशन’ आणि ‘कंट्रोल’ हे दोन शब्द तेव्हापासून मराठीत स्थिरावले. त्यापूर्वी कुटुंबाने काय खावे हे त्याच्या शेताने किंवा जवळच्या बाजाराने ठरत असे. आता ते सरकारी दुकानात काय आले आहे ह्यावर ठरू लागले. अन्न निवडण्याच्या अधिकाराचे हे स्थलांतर पुढील सर्व घडामोडींचे बीज होय.

५

स्वातंत्र्योत्तर काळातील धान्यटंचाईने ह्या इतिहासात एक नवा शब्द आणला : मिलो. अमेरिकेने १९५४ साली आपल्या शिलकी धान्याच्या सवलतीच्या विक्रीसाठी पी. एल. ४८० ह्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि ऑगस्ट १९५६ मध्ये भारताने त्यानुसार पहिला करार केला. १९६५ व १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली, आणि १९६६ मध्ये भारताची धान्याची आयात सुमारे एक कोटी टनांवर पोहोचली. तीत मुख्य भाग गव्हाचा होता. सोबत लाल रंगाची अमेरिकन ज्वारीही होती. सवलतीची ही आयात १९७१ च्या अखेरीस थांबली. परंतु लगोलग १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला, परदेशातून पुन्हा धान्य विकत आणावे लागले, आणि दुष्काळी कामांवरील मजुरांच्या भाकरीत पुन्हा मिलो आली. त्या दुष्काळाच्या आठवणींत ‘मिलो’ आणि ‘सुकडी’ हे दोन शब्द आजही जोडीने येतात.

‘मिलो’ ह्या शब्दाचे रूप अभ्यासनीय आहे. अमेरिकेत ह्या धान्याच्या नावाचा उच्चार ‘मायलो’ असा आहे. ‘पाव’, ‘बटाटा’ ह्या शब्दांत पोर्तुगीज बोलणे ऐकू येते. ते शब्द कानांनी आले. ‘मिलो’ मात्र अक्षरांवरून वाचलेला शब्द दिसतो. पोत्यांवरील छाप आणि दुकानातील नोंदवही ह्यांतून तो लोकांच्या तोंडी गेला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे अनुमान आहे. धान्य पिकविणारा आणि खाणारा ह्यांच्यात एका शब्दाचेही बोलणे झालेले नव्हते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलो ज्वारीच आहे. आफ्रिकेतून एक फांदी दख्खनला आली, दुसरी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली, आणि विसाव्या शतकात त्या दोघींची गाठ महाराष्ट्राच्या दुष्काळात पडली. तरीही लोकांनी तिला ‘ज्वारी’ हे नाव पूर्णपणे कधी दिले नाही. अमेरिकेत ते मुख्यतः जनावरांचे खाद्य आहे, ही गोष्ट गावोगावी ठाऊक झाली होती. लेखकाच्या आजीस ह्या धान्याविषयी विचारले असता ती एवढेच म्हणत असे, “ती खाल्ली, पण ती ज्वारी नव्हती.” भुकेने जे स्वीकारले ते भाषेने नाकारले, असे ह्याचे वर्णन करता येईल.

ह्याच सुमारास दुसरा शब्द आला : हायब्रीड. १९६४ साली सी. एस. एच. १ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण भारतात प्रसृत झाले. उत्पन्न वाढले, ही गोष्ट निर्विवाद आहे, आणि टंचाईच्या त्या दिवसांत तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु ताट बुटके, कडबा कमी व जनावरांस नावडता. लवकर पक्व होणारे कणीस परतीच्या पावसात सापडून दाणे काळे पडत. भाकरीस शाळूची चव नसे. थोड्याच काळात ‘हायब्रीड’ हे विशेषण नुसते नाम झाले आणि पुढे निःसत्त्व, टिकाव न धरणाऱ्या माणसासही लोक ‘हायब्रीड’ म्हणू लागले. संशोधकांच्या परिभाषेत प्रगतीचा वाचक असलेला शब्द लोकभाषेत दोषवाचक झाला. ह्याउलट, सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने काढलेले ‘एम ३५-१’ हे वाण शेतकऱ्यांनी ‘मालदांडी’ ह्या जुन्याच नावाने स्वीकारले आणि आजही ते पेरले जाते. दोन्ही वाणे संशोधनाचीच. पण एकाने दाणा, कडबा आणि भाकरी ह्यांची जुनी सांगड राखली, दुसऱ्याने केवळ दाणा पाहिला.

६

तथापि ज्वारी मागे पडली ती केवळ हायब्रीडमुळे नव्हे. मुख्य कारणे खरेदी, पीकबदल आणि श्रम ही तीन होत.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग स्थापन झाले. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले गेले आणि उत्तरेच्या बागायती प्रदेशात गव्हाचे अमाप पीक येऊ लागले. सरकारने ते हमी भावाने विकत घेतले व देशभर स्वस्त दुकानांतून विकले. आधारभूत किंमत ज्वारीलाही जाहीर होत आली. परंतु खरेदीची यंत्रणा, कोठारे आणि वाहतूक ही गहू व तांदूळ ह्यांच्याभोवतीच उभी राहिली. परिणामी ज्वारीच्या मुलखातील मजुरास शेजारच्या शेतातील ज्वारीपेक्षा दूरवरून आलेला गहू स्वस्त पडू लागला.

दुसरे कारण पीकबदलाचे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा येथे साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र ज्वारीखाली होते. आज त्याचा एक तृतीयांश भागही उरलेला नाही. खरिपाच्या ज्वारीची जागा विदर्भ-मराठवाड्यात बहुतांशी सोयाबीनने घेतली. सोयाबीन शेतकऱ्यास रोख पैसा देते. पण ते त्याच्या ताटात येत नाही. त्याचे तेल बाजारात जाते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. जे शेत पूर्वी चूल आणि गोठा ह्यांना पोशी, ते आता दोहोंपासून तुटले आहे.

तिसरे कारण बहुधा दुर्लक्षिले जाते. भाकरी थापणे हे कष्टाचे व कसबाचे काम आहे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. आधणाच्या पाण्याने ते मळावे लागते, एकेक भाकरी हाताने थापावी लागते आणि गरम असतानाच ती खाण्याजोगी राहते. पोळी डब्यात टिकते, भाकरी कडक होते. नोकरीच्या वा मजुरीच्या वेळा घड्याळाने बांधल्या गेल्यावर घरातील स्त्रीने पोळीकडे वळावे ह्यात नवल नाही. ही निवड अज्ञानाची नव्हे, वेळेच्या हिशेबाची होती. पारंपरिक आहाराचा गौरव करणाऱ्या लेखांत काठवटीसमोर बसलेल्या बाईचे श्रम बहुधा मोजलेलेच नसतात.

७

एप्रिल २०१८ मध्ये भारत सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी इत्यादींना ‘पौष्टिक धान्ये’ म्हणून अधिसूचित केले. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पी भाषणात त्यांना ‘श्री अन्न’ हे नाव मिळाले. ‘कदन्न’ ते ‘श्री अन्न’ असे हे अर्थोत्कर्षाचे वर्तुळ भाषाशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून सांगण्याजोगे आहे. नव्या नावामागील शास्त्रीय आधार खोटा नाही. नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हैदराबाद येथील इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेले, लोहाचे प्रमाण अधिक असलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसृत झाले.

प्रश्न असा की, कचेरीतील एका शब्दाने खाली गेलेले धान्य कचेरीतील दुसऱ्या शब्दाने वर येईल काय? पूर्वीच्या विवेचनावरून ह्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. ‘भरडधान्य’ ह्या शब्दाने एकट्याने ज्वारीस खाली आणले नव्हते. त्या शब्दामागे भाव, खरेदी, रेशन आणि पीकबदल ह्यांची शक्ती होती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिलेला होता. कायद्याच्या पानावर ज्वारी होती. दुकानात बहुधा नव्हती. ओडिशाने २०१७ साली सुरू केलेल्या उपक्रमाचे महत्त्व येथे ध्यानात येते. तेथे नाचणीचा केवळ प्रचार झाला नाही; सरकारने ती आदिवासी शेतकऱ्यांकडून विकत घेतली आणि रेशनवर दिली.

महाराष्ट्राच्या शहरांत आज वेगळेच दृश्य आहे. ज्वारीचे पीठ बहुधा गव्हाच्या पिठाहून महाग आहे. नव्या नावाने धान्याची प्रतिष्ठा वाढविली, पण ज्यांचे ते रोजचे अन्न होते त्यांच्या हाती ते परत दिले नाही. जगाच्या पातळीवरही हाच पेच आहे : संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२० च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार तीनशे कोटींहून अधिक लोकांस आरोग्यदायी आहार परवडत नव्हता.

८

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. महाराष्ट्राच्या पठारावरील अन्नव्यवस्था १९४३ ते आजतागायत आमूलाग्र बदलली. तो बदल रुचीतून आला नाही, निर्णयांतून आला. त्यांपैकी काही निर्णय टंचाईच्या काळात अपरिहार्य होते, आणि त्यांनी माणसे जगविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण जे निर्णयांतून घडले ते निर्णयांतूनच सुधारता येते. ज्वारीचा पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम आखणाऱ्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : ती कोण विकत घेणार, तिच्या सोबतीची डाळ-भाजी गरिबाच्या ताटात कशी येणार, आणि भाकरी कोण थापणार.

ह्या कामी आपल्या विभागाचाही थोडा वाटा आहे. विरी, धसकट, कण्या, आंबील हे शब्द आज साठीच्या पुढील माणसांच्या तोंडी आहेत. त्यांचा अर्थ कोशात एका ओळीत देता येतो. त्यामागील रीत, म्हणजे पीठ किती दिवसांत विरी जाते, कोणत्या ज्वारीच्या कण्या मऊ शिजतात, आंबील किती आंबवावी, ही त्या माणसांबरोबरच जाईल. ज्या विद्यार्थ्यांस बोलींच्या संशोधनाचा विषय निवडावयाचा आहे, त्यांनी सोलापूर, बीड, अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतील गावांत जाऊन ही शब्दसंपत्ती कृतीसह नोंदवावी. नाव श्रीअन्न असो वा भरडधान्य, ते पुन्हा रोजच्या ताटात आणावयाचे असल्यास ह्या ज्ञानाची गरज पडेल, आणि ते आज विचारले तरच मिळेल.